घोरपडीजोगा माणूस

"तुझा मंगळवार सांग," हेनी म्हणाली.

शशिकांत तयारी करून आला होता ती वेगळ्याच प्रश्नांची. पिंजरा किती मोठा हवा, दिवा कसला, ऊब किती, पाणी केव्हा बदलायचं, हे सगळं त्याने पाठ केलं होतं. मंगळवार कुणी विचारील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"कुठला मंगळवार?"

"कुठलाही. शनिवार-रविवार सगळ्यांचेच बरे जातात. मंगळवारी घर जसं असतं तसं असतं. उठल्यापासून सांग."

डच माणसं पहिल्या भेटीतच एकेरीवर येतात. त्यात हेनी साठी ओलांडलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेली, कुणाची भीड न धरणारी बाई. लायडनच्या पुढे, सपाट कुरणांच्या मधोमध तिचा जुना गोठा होता. पूर्वी त्यात गायी असत. आता लोकांना नकोशा झालेल्या सापा-सरड्यांना तिने तिथे आसरा दिला होता. साथ सुरू झाल्यापासून तिच्याकडे रीघ लागली होती. घरात कोंडून पडलेली माणसं करमणूक म्हणून जनावर आणायची, आणि चार महिन्यांत खोक्यात घालून तिच्या दाराशी ठेवून जायची. म्हणून आता कुणाला जनावर द्यायचं तर ती आधी माणूस पारखून घ्यायची, आणि मग त्याला साजेशी जात.

साथीच्या नियमामुळे आत एकालाच प्रवेश होता. शशिकांतची बायको मृदुला मास्क लावून उघड्या दारात उभी होती. रॉटरडॅमजवळच्या कापेलहून इथवर गाडी तिनेच चालवत आणली होती.

काचेपलीकडे पाणघोरपड पसरली होती. सरकारने माणसामाणसांत जेवढं अंतर राखायला सांगितलं होतं, त्याहून ती लांबीला जास्त होती. मान उचलून तिने शशिकांतकडे पाहिलं, दुभंगलेली जीभ बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली. शशिकांतचा जीव तिच्यावर जडला तो तिथेच.

त्याने मंगळवार सांगायला सुरुवात केली. उजाडायच्या आत उठतो. सायकलने बंदरावर जातो. क्रेनच्या मोटारी दुरुस्त करायचं काम, त्यामुळे दिवसभर शिड्या चढणं-उतरणं. संध्याकाळी कालव्याच्या कडेने फेरी, मग स्वयंपाकघरात बायकोला मदत. तो छान सांगत होता, कारण त्यातलं काहीच बनवलेलं नव्हतं. दारातली मृदुला आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

हेनीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. त्या कोपऱ्यातली मातीची गोणी जरा इकडे आणून दे."

हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. घोरपडीला उकरायला माती लागते आणि ती वरचेवर बदलावी लागते. शशिकांतने गोणीला हात घातला. उचलली. गोठ्याच्या मध्यापर्यंत आला आणि छातीत हवाच शिरेना. गोणी हातातून घसरली आणि तो तिच्यावरच बसला. मृदुला धावली, पण उंबऱ्यावर थांबली, कारण त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला थांबावंच लागलं.

हेनी ओरडली नाही की घाबरली नाही. तिने पाण्याचा पेला त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला आणि मागे सरकली.

"ही तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली.

"ताकद येतेय परत. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो."

"येऊ दे की. मी कुठे पळून जात नाही. पण पुढच्या वेळी मंगळवार खरा आण."

परतताना हमरस्त्याला लागल्यावर शशिकांत म्हणाला, की मी काही खोटं सांगितलं नाही. मृदुलाने आरशात बघत लेन बदलली आणि म्हणाली, "खोटं नव्हतंच. फक्त गेल्या वर्षीचा मंगळवार होता तो."

*

एप्रिलात त्याला अँब्युलन्सने नेलं तेव्हा मृदुलाला दारातूनच हात हलवावा लागला होता. घशात नळी घालून त्याला झोपवून ठेवलं. जागा झाला तेव्हा चमचासुद्धा उचलता येईना. पुढे पुनर्वसन केंद्रात गिळायला, बसायला, उभं राहायला तो नव्याने शिकला. निघताना नर्सेसनी दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कुणासाठी आहेत हे त्याला क्षणभर कळलंच नव्हतं.

घरी आला तर त्याचं अंथरूण खालच्या पुढच्या खोलीत मांडलेलं. इथल्या रांगेतल्या घरांचे जिने म्हणजे उभ्या शिड्याच. मृदुला लायडनच्या एका औषधाच्या कंपनीचं काम आता वरच्या खोलीत बसून करायची आणि मधल्या सुट्टीत खाली येऊन बघायची, याने खाल्लं का, गोळी घेतली का, खिडकीतून वारं तर लागत नाही ना. मुलगा निहार आइंडहोव्हनहून दिवसाआड फोन करायचा. फिजिओ यायची. शेजारची म्हातारी दाराशी सूप ठेवून जायची. सगळे मिळून शशिकांतला सांभाळत होते, आणि त्याला कधी नव्हे इतकी एकच इच्छा झाली होती, की आपण कुणाला तरी सांभाळावं.

घोरपड डोक्यात शिरली ती केंद्रातच. शेजारच्या खाटेवरचा एक डच माणूस टॅबलेटवर सारखे प्राण्यांचे व्हिडिओ बघायचा. त्यात एक माणूस भलीमोठी पाणघोरपड खांद्यावर टाकून अंगणातून चालत होता. शशिकांतने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणि मग पुन्हा.

मृदुला म्हणाली होती, कुत्रं आणू या. तो म्हणाला, "कुत्र्याला माझी कीव येईल."

मिरजेहून त्याच्या मोठ्या बहिणीचा, शोभाताईचा, व्हिडिओ कॉल आला तेव्हा मृदुलाने मुद्दाम विषय काढला. वाटलं, ताई तरी कान उपटेल. ताईने आधी विचारलं, की गुडघ्यांसाठी हवीय का? गावाकडे पूर्वी लोक तेल काढायचे. शशिकांत म्हणाला, पाळायला हवी आहे.

"पाळायला? अरे शशी, इथे नुसती धरलीस तरी आत टाकतात."

"इथे कागदपत्रं असली की चालतं, ताई."

"त्या देशात कागद असला की काहीही चालतं बघ," ताई म्हणाली, आणि मग जरा थांबून, "खाते काय ती?"

हा प्रश्न मात्र खरा अडचणीचा होता. पाणघोरपडीला उंदीर लागतात. बाजारात ते मेलेले, गोठवलेले, पिशवीत भरून मिळतात. या घरात आजवर अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. मृदुलाने त्या दिवशी आवाज न चढवता सांगून टाकलं, "अहो, घोरपड आणा, मगर आणा. माझ्या फ्रीजमध्ये चक्क्याच्या डब्याशेजारी उंदीर येणार नाहीत."

मग शशिकांतने जे केलं ते आपल्याच माणसाला सुचावं. तो शाकाहारी घोरपड शोधू लागला. जगात काय नसतं? शोधता शोधता त्याला फिलिपाइन्समधली एक सापडली, झाडावर राहणारी, पिकलेली फळं खाणारी. त्याने आनंदाने हेनीला लिहिलं, आम्ही शाकाहारी माणसं, आम्हाला हीच जात द्या. हेनीचं उत्तर आलं, की ती फळांबरोबर गोगलगायी कवच फोडून खाते, आणि ती मला या जन्मात बघायला मिळाली तरी मी स्वतःला भाग्यवान समजेन. खाली लिहिलं होतं: जनावराचं जेवण बदलण्यापेक्षा येऊन आधी आपण कसे आहोत ते सांगा. तशी ती गोठ्यातली पहिली भेट ठरली होती.

त्या भेटीनंतर त्याने जिद्दच धरली. उंदरांसाठी पडवीत लहानसा वेगळा फ्रीज ठेवता येईल, हा तोडगाही काढून झाला. राहिली होती ताकद. पाण्याचा कॅन अर्धा भरून न्हाणीपासून मागच्या दारापर्यंत न्यायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. फिजिओ रागावली. निहारने सुचवलं, "बाबा, तू पाल का नाही पाळत? छोटीशी असते. मेंटेनन्स कमी." शशिकांतने त्याला सांगितलं, पाली मिरजेच्या घरात फुकट होत्या, त्यासाठी रॉटरडॅमला यायची गरज नव्हती.

एका दुपारी तो कॅन घेऊन जिना चढायला निघाला. कुणी सांगितलं नव्हतं. मृदुलाला वर पाणी नेऊन द्यावं, एवढंच मनात होतं. अर्ध्यावर पाय थरथरू लागले. वर जाता येईना, खाली उतरायचा धीर होईना. कॅन मांडीवर धरून तो पायरीवर बसला. वरच्या खोलीत मृदुलाचा कामाचा कॉल चालू होता. कुणीतरी त्याची चौकशी केली असावी, कारण ती हसून इंग्रजीत म्हणाली, की हो, हो, तो आता पूर्ण बरा आहे, ही इज बॅक.

शशिकांतने हाक मारली नाही. श्वासाचा आवाजही होऊ नये म्हणून तोंडावर हात धरला. असाच तोंडावर हात धरून आपण उन्हाळ्यापासून बसलो आहोत, हे त्याला तिथे, त्या पायरीवर उमगलं. हेनीला जसा मंगळवार सांगितला तसलाच, सगळं ठीक असल्याचा, तो ताईला, निहारला, कंपनीतल्या अरुणला सांगत आला होता. मृदुला बिचारी तोच पुढे सांगत होती.

बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत तो खाली उतरला, आणि हेनीला फोन लावला.

*

या खेपेला आकाश भरून आलं होतं आणि हेनीने गोठ्याची दोन्ही दारं उघडी टाकली होती. शशिकांतला तिने एका उलट्या टोपलीवर बसवलं. मृदुला पुन्हा दारात.

"सांग," हेनी म्हणाली.

त्याचं डच मोडकंतोडकं होतं. नेहमी तो अडला की इंग्रजीवर जायचा. आज तो अडला तिथे थांबला, शब्द शोधला आणि पुढे गेला.

"सकाळी लवकर जाग येते, पण मी पडून राहतो. बायको खाली आली की झोपेतून उठल्यासारखं करतो. शर्टाची बटणं ती लावते. न्हाणीत स्टुलावर बसून अंघोळ. दाराला कडी घालत नाही. तिला वाटतं विसरतो. मी विसरत नाही. आत पडलो तर दार तोडायला लागू नये म्हणून."

मृदुलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मग ती वर कामाला जाते. मी लॅपटॉप उघडतो. कंपनीने एक कोर्स दिलाय, तो करतोय असं सांगितलंय. करत नाही. अक्षरं हलतात. मी खुर्चीत बसतो. खुर्ची खिडकीपाशी आहे. जेवणापर्यंत बसतो. जेवणानंतर पुन्हा बसतो. फोन वाजला तर वाजू देतो. ऊन असलं तर कालव्याच्या कडेच्या बाकावर जाऊन बसतो. तिथे एक राखी बगळा येतो. तो माझ्या बुटांशी येऊन उभा राहतो, मासे धरतो. मी खांब आहे असं त्याला वाटत असावं." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "झाला मंगळवार."

कुरणातून एक ट्रॅक्टर गेला. मग हेनीने विचारलं, "बगळा किती जवळ येतो?"

"म्हटलं ना, बुटांशी."

"आणि तू हलत नाहीस."

"हलून जाऊ कुठे?"

हेनी उठली. तिने दारातल्या मृदुलालाही आत यायची खूण केली, नियम आज जरा बाजूला राहू दे म्हणाली, दारं उघडी आहेत. चालता चालता बोलत राहिली, काही त्याच्याशी, काही स्वतःशी. पाणघोरपड ज्याच्या पाठीत जोर आहे त्याची. आफ्रिकेतली ती गवताळ रानातली तुला चालेल असं वाटलं होतं, पण तिलाही ढीगभर माती लागते. ऑस्ट्रेलियातली लहान काटेशेपटी गुणी आहे, पण धीट आणि उचापती, भरल्या घरात रमते, तुझ्याकडे येऊन करणार काय? बोलत बोलत ती शेवटच्या अंधाऱ्या खोलीपाशी आली, आणि तिथे तिचा आवाज आपोआप खाली आला.

उंच, अरुंद पेटी होती. आत फांद्या, पानं, काचेवर पाण्याचे ओघळ. जनावर कुठेच दिसेना.

"न्यू गिनीजवळच्या बेटांवरची आहे. काळी, झाडावर राहणारी. अंगाने एवढीशी, शेपूटच जास्त. साथीत एका घराने घेतली. घरात मुलं, कुत्रं, टीव्ही. तिने खाणं सोडलं. माझ्याकडेही नीट खात नाही. इथे सारखी ये-जा. हिला एक माणूस हवा, जो दिवसभर एका जागी बसेल आणि हिच्याकडे न बघता बसेल. गेले कित्येक महिने मी तसा माणूस शोधतेय. कुणाला जमत नाही."

"हातात घेता येते?" शशिकांतने विचारलं.

"नाही. कदाचित कधीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. खांद्यावर टाकून अंगणातून चालणारा तो माणूस डोळ्यांसमोरून जाईना. तो म्हणाला, "म्हणजे आजाऱ्याला आजारी जनावर."

"आजारी नाही, अवघड आहे," हेनी म्हणाली. "पाणघोरपड मी तुला उद्या देईन, गोणी उचललीस की. ही मी कुणालाही देत नाही. नेलीस आणि महिनाभरात नेमाने खायला लागली नाही, तर मी येऊन परत घेऊन जाईन. तेव्हा तुझं वाईट वाटणं मी बघणार नाही."

शशिकांत त्या पेटीसमोर उभा राहिला. पानांतून एक काळं नाक बाहेर आलं, थबकलं आणि नाहीसं झालं. त्याने विचारलं, हवेत ओल किती लागते. दिवसातून किती वेळा फवारायचं. दिवा वर किती अंतरावर. आता तो क्रेनच्या खाली उभा राहून बोलायचा तसा बोलत होता.

मृदुलाने एकच विचारलं, "खायला काय?"

"रातकिडे, टोळ. जिवंत."

"फ्रीजमध्ये?"

"जिवंत," हेनी पुन्हा म्हणाली.

मृदुलाने सुस्कारा टाकला. "मग चालेल."

*

पेटी त्याने स्वतः केली. निहार येऊन एका दिवसात करून देतो म्हणाला होता. शशिकांतने सांगितलं, हत्यारं आण आणि जा. दिवाणखान्यातलं काचेचं उभं कपाट मृदुलाने आपण होऊन रिकामं करून दिलं. लग्नातला डिनर सेट खोक्यात गेला. शशिकांत खुर्चीत बसून एक स्क्रू फिरवायचा, थांबायचा, दम खायचा, दुसरा फिरवायचा. हात थरथरला की पेचकस मांडीवर ठेवायचा आणि वाट बघायचा. भोकं कधी वाकडी पडली, ती त्याने बुजवून पुन्हा पाडली. पानं झडायला लागली तेव्हा काम सुरू केलं होतं. पुरं झालं तेव्हा झाडं उघडी झाली होती, आणि सरकारने दुकानं पुन्हा बंद केली होती.

रातकिड्यांचा डबा जिन्याखाली आला. मृदुला त्यांना गाजराचे काप आणि कोथिंबिरीच्या काड्या घालू लागली. मरायचे आहेत म्हणून उपाशी का ठेवायचे, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी ते किरकिरायला लागले की ती कॉलवरच्या लोकांना सांगायची, की माफ करा, आमच्याकडे पाहुणे आहेत.

घोरपड आली आणि कपाटात नाहीशी झाली. शशिकांत सकाळी पाणी फवारायचा, खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायचा आणि बसून राहायचा. चिमट्यात रातकिडा धरून हात कपाटाच्या उघड्या झरोक्यात टेकवायचा. हात दुखून यायचा, तरी काढायचा नाही. ती यायची नाही. रात्री आत ठेवलेले किडे कधी कमी व्हायचे, कधी सकाळी तेवढेच असायचे. हेनीने दिलेली मुदत जवळ येत चालली होती. अरुणचा फोन आला तेव्हा शशिकांतने तो उचलला. म्हणाला, मी अजून बरा नाही. जिना चढता येत नाही. पण दिवसभर कामात असतो. अरुणने विचारलं, कसलं काम? शशिकांत म्हणाला, बसायचं.

हेनीला फोन करावा, येऊन घेऊन जा म्हणावं, असं मृदुलाच्या मनात येऊन गेलं. त्याच्या तोंडाकडे पाहून ती बोलली नाही.

एका दुपारी, बाहेर बारीक भुरभुर चालू असताना, ती चहा घेऊन खाली आली. हल्ली ती त्याचा कप अर्धाच भरायची. पुढच्या खोलीच्या दारात आली आणि शशिकांतने तिच्याकडे न वळता डावा हात वर केला. तळवा तिच्याकडे. बस, तेवढंच.

मृदुला जिथल्या तिथे थांबली. लग्नाला इतकी वर्षं झाली, याने आपल्याला असं कधी थांबवल्याचं तिला आठवेना. एप्रिलपासून तर या घरात थांबवायची ती. हे उचलू नका, तिकडे जाऊ नका, बसा.

वरच्या पानांतून एक काळी बारीक दोरी खाली उतरत होती. फांदीला शेपटीचा विळखा, मग पाय, मग मान. थांबायची, जीभ बाहेर काढायची, एक पाऊल. शशिकांतचा उजवा हात झरोक्यात होता. तो खिडकीतून बाहेर, ओल्या रस्त्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला तो हात नेत नव्हता.

मृदुलाच्या हातातली बशी किणकिणली. ती हळूच खाली वाकली, कप उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. वरच्या खोलीत तिचा लॅपटॉप कुणाचा तरी कॉल आल्याची घंटा वाजवू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

चिमट्याला एक झटका बसला. एवढाच, मासा गळाला लागावा तसा. काळं डोकं मागे गेलं, जबडा हलला. शशिकांतने हात तसाच ठेवला. चिमटा आता रिकामा होता.

बऱ्याच वेळाने, ओठ न हलवता, तो म्हणाला, "अजून एक दे."

डबा जिन्याखाली होता. मृदुला उठली नाही. उभं न राहता, बसल्या बसल्या सरकत, लादीवरून आवाज न करता ती डब्याकडे निघाली.